कासवाच्या पाठीवर पाच बोटं

मला नावानं हाक न मारणारा आमच्या गावात एकच माणूस आहे. तो मला 'एकशे बारा' म्हणतो. बाजारात म्हणतो, तेराव्याच्या पंगतीत म्हणतो, आणि माझ्या पोरीच्या लग्नात तर त्यानं मांडवाच्या त्या टोकावरून "ओ एकशे बारा, वरणात मीठ न्हाई!" अशी आरोळी ठोकली होती. नवे व्याही दोन दिवस गप्पगप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "किती वर्षं होता आतमध्ये?"

मी कधीच कुठं आतमध्ये नव्हतो. मी गावातलं टपाल सांभाळतो. एकशे बारा हा माझा दूध संस्थेतला सभासद क्रमांक, आणि तो जपून ठेवणारे हे भुजंग बप्पा त्या संस्थेचे सचिव. संस्था बंद पडली, म्हशी गेल्या, गोठ्यात मोटारसायकली उभ्या राहिल्या, पण बप्पांच्या डोक्यातले क्रमांक काही पुसले गेले नाहीत. त्यांच्या लेखी गावात माणसं राहतच नाहीत, क्रमांक राहतात. आणि प्रत्येक क्रमांकाच्या दुधात कधी ना कधी पाणी निघालेलं आहे.

माझ्याही निघालं होतं. आता लपवून काय करायचं? म्हैस आटत आलेली, घरात पाहुणे आलेले, आणि आमच्या सौभाग्यवतींनी चरवीत तांब्याभर पाणी ओतलं. मला न सांगता ओतलं असं मी अजून सांगतो. बप्पांनी चरवीत नाक घातलं, एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन नख तिरकं केलं, मग काचेचं डिग्रीमीटर दुधात सोडलं. ते सरळ खाली गेलं. माझ्या मागं निम्मं गाव रांगेत होतं.

"एकशे बारा, तुमच्या दुधात पाणी हाय."

"ह्या बारीला सोडा, बप्पा," मी पुटपुटलो.

"सापडलं की सापडलं. सोडायचं काय असतं त्यात?"

ती भरलेली चरवी घेऊन मी गावातून घरी परत आलो. तो रस्ता मला अजून पाठ आहे.

बप्पांच्या तोंडी 'डिग्री लागंना' हे कायमचं. दुधाची प्रत डिग्रीत मोजतात, बप्पा सगळं जगच डिग्रीत मोजतात. कुणाचा नवा जावई दिसला, की बप्पा दोन मिनिटं त्याच्याकडं बघून सासऱ्याच्या कानात सांगणार, "डिग्री लागंना." पुढाऱ्याचं भाषण झालं, "डिग्री लागंना." ढग आले की सगळं गाव वर बघतं, बप्पा नाक वर करून वास घेतात आणि मान हलवतात. दुर्दैव असं, की ढगांच्या बाबतीत त्यांचं कधी चुकलं नाही.

दुसरा त्यांचा उद्योग म्हणजे काळजी करणं. काळजीलाही त्यांनी दुधाची वेळ लावून दिली होती, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच. या दोन वेळांना ते गावातून चक्कर मारायचे आणि जो भेटेल त्याला एकेक काळजी देऊन जायचे. "एकशे चाळीस, तुमच्या भिंतीला तडा हाय. सांगून ठिवतो." "बासष्ट, तुमचं पोरगं वाळलंय. सांगून ठिवतो." लोक हसायचे. मी हसायचो नाही, कारण माझाही स्वभाव तसाच. बप्पांनी सांगितलेली काळजी मी घरी आणून रात्रभर उराशी घेऊन झोपायचो.

संस्था बुडाली ती मागच्या दुष्काळात. कडबा संपला, जनावरं छावणीत गेली, छावणीतून बाजारात गेली. दुधाचा टेम्पो दिवसाआड यायला लागला, मग आठवड्यानं, मग आलाच नाही. बप्पा मात्र रोज दोन्ही वेळा केंद्राचं शटर वर करून तासभर बसायचे आणि ओढून घरी जायचे. एकदा मी विचारलं, "बप्पा, दूध तर न्हाई, मग कावून उघडता?"

"दूध न्हाई," बप्पा म्हणाले, "येळ तर हाय."

त्याच वर्षी त्यांचा मुलगा दत्ता बायकापोरं घेऊन ऊसतोडीला गेला. आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. दत्ता परतला नाही. ऊस संपल्यावर तिकडंच कुणाच्या मळ्यात राहिला आणि पुढच्या हंगामात पुन्हा कोयता घेतला. बप्पांची बायको वारून तेव्हा बरेच दिवस झाले होते. आता घरात एक माणूस आणि चाळीस रिकाम्या किटल्या.

मग त्यांना कपार सापडली. म्हणजे कपार आमच्या डोंगरात होतीच. पाटोद्याच्या एसटीनं आमच्या फाट्यावर उतरलं की समोर बोडका डोंगर दिसतो, त्याच्या पोटात. वाकून आत शिरायचं, वीसेक पावलं तसंच जायचं, मग उभं राहता येतं. आत काळा खडक, गारवा, आणि मागच्या भिंतीला एक बुटकी सापट. त्या सापटीतून झरा येतो आणि खालच्या कुंडात साठतो. कुंड लहानसंच, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढं. त्याच्या तळाशी एक गोल धोंडा आहे, त्याला आम्ही कासव म्हणतो. कासवाच्या पाठीवर वीतभर पाणी असलं तर साल बरं. पाठ उघडी पडली तर गाव सोडायचं, असं जुनी माणसं सांगायची. उघडी पडलेली कुणी पाहिली नव्हती.

तिथं लोक सहलीला यायला लागले. चिवड्याच्या पुड्या, बाटल्या, एकदा तर कुणी चूल मांडून कोंबडी शिजवली. नेकनूरचे रहीमभाई मिस्त्री मोटारपंपाचं काम करतात. त्यांना कुणीतरी कपारीत मोटार बसवायला बोलावलं होतं. ते आत गेले, झऱ्याची धार पाहिली आणि मोटार तशीच लुनावर बांधून परत निघाले. वाटेत बप्पा भेटले. रहीमभाई म्हणाले, "बप्पा, आजपोतर लई हिरी कोरड्या केल्या मी. ही न्हाई करनार." दोघं पारावर बसले आणि 'कपार राखण मंडळ' जन्माला आलं. अर्ज लिहायला कुणीतरी हवा म्हणून मला घेतलं. आणखी दोन म्हातारे आपण होऊन आले. पाच जणांत मिळून दात एका माणसापुरते.

बप्पा कपारीच्या तोंडाशी किटली पालथी घालून बसू लागले. येणाऱ्याचा आधी वास घ्यायचे, दुधाच्या कॅनचा घेत तसा. तंबाखू असली तर बाहेर ठेवायला लावायचे. मग बादलीत पाय बुडवायचे, मग आत. आत ओरडायचं नाही, थुंकायचं नाही, साबण नाही, अगरबत्ती नाही. एक बाई कासवाला नारळ फोडायला आल्या, तर म्हणाले, "कासवाला उपास हाय." एकदा जिल्ह्याहून एक मोठे साहेब कपार बघायला आले. बप्पांनी उठून त्यांच्या कॉलरला नाक लावलं.

"सेंट मारलाय. मान धुवा."

आम्ही चौघांनी आकाशाकडे पाहिलं. साहेबांनी मान धुतली. परत जाताना म्हणाले, "माणूस कडक आहे." बप्पा म्हणाले, "साहेब चांगला हाय, पण डिग्री लागंना."

हे सगळं मजेत चाललं होतं तोवर ठीक होतं. यंदा पाऊस झालाच नाही. पौषातच विहिरी तळाला गेल्या आणि टँकर सुरू झाला, माणशी एक घागर. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर मारलेली, दवाखान्याचा वास. बप्पा ते पाणी तोंडाला लावायचे नाहीत. उरलं फक्त कपारीचं पाणी, घराला एक कळशी, पाळीपाळीनं. शनिवारी कपार दिवसभर बंद. चार वाजता बप्पा दूध मोजायची जुनी पट्टी कासवाच्या पाठीवर उभी धरायचे, किती बोटं ते बघायचे, आणि मी साक्षीदार म्हणून खाली सही करायचो.

सहा बोटं. मग पाच.

गावानं सभा घेतली. झरा आटत नाही, सापटीत गाळ बसलाय, हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या साली वरून एकच लोंढा आला होता, त्यानं सापट निम्मी भरली. पण ती साफ करायची तर पोटावर सरपटत आत जायला हवं. आम्ही प्रयत्न केला होता. मी सगळ्यांत बारीक म्हणून मला पुढं घातलं. कमरेपर्यंत गेलो आणि अडकलो. पुढं काळोख, मागं रहीमभाई पाय ओढताहेत, आणि बप्पा मोठ्यानं सांगताहेत, "एकशे बारा, श्वास सोडा! श्वास कमी करा!" मी बाहेर आलो तेव्हा सदऱ्याची बटणं आतच राहिली होती. ती अजून तिथं असतील.

"गाळ काढायला माणसं हायत कुठं?" सरपंच सभेत म्हणाले. "गावात राह्यलेत म्हातारे आन् शेरडं. पोरं समदी उसात. सुरुंग लावू. एका दिसात सापट मोकळी."

रहीमभाई उठले. "साहेब, डोंगरापल्याडच्या गावात असाच बार लावला. खडक फुटला, पानी फटीतून खाली गेलं. आज तिथं फुटका धोंडा हाय आन् मानसं न्हाईत."

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. पाणी चार बोटांच्या वर आहे तोवर कपारीला हात लावायचा नाही. चाराच्या खाली गेलं, की सुरुंग.

त्या दिवसापासून मला झोप नाही.  शनिवारी बप्पा पट्टी धरायचे आणि मी वाकून दोनदोनदा बोटं मोजायचो.

पाच. पुढच्या शनिवारी पाच. त्याच्या पुढच्या शनिवारीही पाच. गावाला वाटलं कासवाची कृपा. रहीमभाईंना मात्र काही पटेना. "पोष्टमास्तर, पानी कवा एका जागेवर थांबतं का? माझ्या अख्ख्या जिंदगीत न्हाई पाह्यलं." मी त्यांना गप्प केलं. चांगलं चाललंय त्याला नजर लावू नये, असं मला वाटत होतं.

मोजणी झाली की पाच वाजता दत्ताचा फोन यायचा. कपारीबाहेरच्या एका खडकावरच तेवढी रेंज येते, म्हणून बप्पा तिथं जाऊन उभे राहायचे. त्यांना कमी ऐकू येतं, फोन कायम मोठ्या आवाजावर, त्यामुळं सगळं बोलणं मला पाठ झालं होतं.

"पाणी किती हाय?"

"पाच."

"बरं."

"बरं."

संपलं. बापलेकांत आठवड्याला एवढंच बोलणं. पण त्या चार शब्दांसाठी बप्पा शनिवारी सकाळी दाढी करायचे.

पाचव्या शनिवारी मोजणी झाल्यावर मला फार तहान लागली होती. मी कुंडातलं ओंजळभर पाणी प्यालो आणि थांबलो. परत एक घोट घेतला. जिभेवर दवाखाना.

कपारीच्या पाण्याला खडकाची चव असते, किंचित गोडसर. हे तसं नव्हतं. मी बप्पांकडे पाहिलं. त्यांचे ओठ फुटले होते. एरवी पांढरंशुभ्र असणारं त्यांचं धोतर पिवळं पडलं होतं. आणि सगळ्या गावाचा वास घेणाऱ्या या माणसाच्या अंगाला आठवडाभर आंघोळ न केल्याचा वास येत होता. मी ओंजळ झटकून घरी आलो. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पत्रांवर शिक्के मारताना हात चुकत होते. गेल्या पाच सह्या माझ्या होत्या.

पुढच्या शनिवारी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी कपारीच्या बाजूच्या करंजाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं सायकलचा आवाज आला. बप्पा सायकल हातानं ढकलत चढ चढत होते. हॅंडलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या दोन किटल्या. दर दहा पावलांवर थांबत होते. वर आल्यावर त्यांनी बादलीत आपले पाय बुडवले, एक किटली उचलली आणि वाकून आत गेले. मी मागोमाग गेलो.

ते पाणी ओतत होते, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून कडेनं. पहिली किटली संपत आली होती.

मला काय झालं कोण जाणे. इतक्या वर्षांचं ते वाक्य माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"बप्पा, तुमच्या पाण्यात पाणी हाय."

किटली त्यांच्या हातातून खाली ठेवली गेली. ते वळले नाहीत.  मग तिथंच ओल्या खडकावर बसले.

"कवापासनं म्हाईत हाय?"

"मागच्या शनवारपासनं. टीसीएल लागलं."

"लागतंय व्हय?" ते स्वतःशीच म्हणाले. "मला वाटलं, एवढ्यात लागायचं न्हाई."

आयुष्यभर दुधात पाणी धरणारा माणूस मला हे विचारत होता. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी त्यांच्याजवळ बसलो. टँकरची रोजची एक घागर, त्यातलं स्वयंपाकापुरतं सोडून सगळं ते आठवडाभर किटल्यांत साठवत होते. प्यायला कपारीच्या पाळीतलं मिळेल तेवढं. आंघोळ नाही, धुणं नाही.

"सुरुंगाच्या भ्यानं केलं ना, बप्पा?"

"ते तर हायच." त्यांनी धोतराला हात पुसले. "दत्ता दर शनवारी इचारतो, पाणी किती हाय. पाच म्हणलं की म्हणतो, बरं. त्याच्या मनात परत यायचं असंल, तर ते त्या पाचावरच असंल. तीन म्हणलं तर तिकडंच घर बांधंल. आन् कपारच फुटली, तर मंग इचारायला तरी काय राह्यलं? फोन तरी कशाला करंल त्यो?"

मला त्यांची इतकी दया आली की मी स्वतःच दुसरी किटली उचलायला निघालो. "चला, हीबी वतू. मी काय बघितलं न्हाई."

बप्पांनी माझा हात धरला. "तुमी बघितलं न्हवतं तवर चालत व्हतं. आता सापडलं. सापडलं की सापडलं. तुमालाबी मी सोडलं न्हवतं."

त्यांनी रिकामी किटली घेतली आणि ओतलेलं पाणी अंदाजानं परत भरून काढलं. मोजणी खरी व्हावी म्हणून. मग आम्ही दोघं बाहेर बसून चार वाजायची वाट बघितली. एवढी लांब दुपार मी पाहिलेली नाही.

चार वाजता गाव जमलं. बप्पांनी पट्टी धरली.

"साडेतीन," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "साडेतीन बोटं."

मी सही केली.  एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागली. सरपंचांनी घाम पुसला. तेही काही आनंदात नव्हते, त्यांच्या घरीही दोन नातवंडं होती. "मंगळवारी सकाळी सुरुंगाचा ट्रॅक्टर बोलावतो," ते म्हणाले आणि निघून गेले.

पाच वाजता फोन वाजला. बप्पा खडकावर उभे होते, मी खाली.

"पाणी किती हाय?"

बप्पांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"बप्पा? आवाज येतोय का? पाणी किती हाय?"

"साडेतीन," बप्पा म्हणाले. "आन् आदूगरची पाच खोटी व्हती. म्या टँकरचं वतत व्हतो."

पलीकडं बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला. 

"सापट गाळानं भरली का?"

"भरली. मंगळवारी सुरुंग लावणार हायत."

"मंग कावून न्हाई सांगितलं?" दत्ताचा आवाज एकदम चढला. "म्या दर शनवारी इचारतोय, ते कशासाठी? पाच हाय म्हणता, म्हणून वाटायचं, बप्पाचं बरं चाललंय. माझी तिथं काय गरज न्हाई. तीन म्हणला असता तर कवाच आलो असतो!"

बप्पांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

"चौघं येतो टोळीतले. मुकादमाला काय बी सांगतो. आमी येईस्तवर बार लावू दिऊ नका," दत्ता म्हणाला. फोन बंद झाला.

मंगळवारी सकाळी आठलाच ट्रॅक्टर आला. दत्ताचा पत्ता नव्हता. बप्पा कपारीच्या तोंडाशी पालथ्या किटलीवर बसले होते, नवं धोतर नेसून. सुरुंगवाला पुढं आला तसा बप्पांनी त्याचा वास घेतला.

"बिडी वढलीय. तोंड धुवा."

त्यानं तोंड धुतलं.

"पाय."

त्यानं पाय बुडवले.

"नखं दाखवा."

नखं नियमात कधीच नव्हती. पण आम्ही मंडळाचे चौघं गंभीर चेहऱ्यानं उभे राहिलो, जणू वर्षानुवर्षं नखं बघतोच आहोत. रहीमभाईंनी पुढं होऊन यंत्राची पाहणी सुरू केली आणि त्यात एकेक दोष काढायला लागले. सुरुंगवाल्याबरोबर तीन मजूर होते, प्रत्येकाचे पाय, तोंड, नखं. बादली तीनदा भरून आणायला लावली. सरपंच सगळं बघत होते. त्यांना सगळं समजत होतं, पण त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. ते उपकार मी विसरणार नाही.

दहाच्या सुमाराला चढावर चार माणसं दिसली. पुढं दत्ता. बापापेक्षा उंच, उन्हानं काळाठिक्कर, हाताला पाचटाचे ओरखडे. तो समोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी मुलगा दारात आला होता. बप्पा उठले, त्यांनी त्याच्या खांद्याला नाक लावलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसंच ठेवलं.

"उसाचा वास येतोय," ते म्हणाले. "पाय धू. जा आत."

तीन दिवस गाळ निघत होता. दत्ता आणि त्याचे सोबती पोटावर सरपटत आत जायचे आणि टोपल्या मागं सारायचे. बाहेर गावातली म्हातारी माणसं हातोहात टोपल्या पुढं सरकवायची. सुरुंगवाला पहिल्या दिवशी तासभर ट्रॅक्टरवर बसून राहिला, मग त्यालाही राहवलं नाही, तोही रांगेत उभा राहिला. सौभाग्यवतींनी सगळ्यांना भाकरी आणि ठेचा आणला. बप्पा कपारीच्या तोंडाशी हलत नव्हते. आतून दत्ता खोकला की ते उठून उभे राहायचे, आणि पुन्हा खोकला येईपर्यंत बसायचे नाहीत. गुरुवारी संध्याकाळी आतून आरोळी आली आणि त्यामागं पाण्याचा आवाज. इतका बारीक, की आधी कुणाचा विश्वास बसेना. दत्ता चिखलानं माखून बाहेर आला. त्याच्या मुठीत माझ्या सदऱ्याची दोन बटणं होती.

शुक्रवारी तो परत गेला. बायकापोरं तिकडं, हंगाम अजून उरलेला. बप्पा त्याला फाट्यावर एसटीत बसवून आले. मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, "एसटीला लई गर्दी व्हती."

शनिवारी चार वाजता मोजणी झाली. पाच बोटं. खरी पाच. मी एक ओंजळ प्यालो, खडकाची चव होती, किंचित गोडसर. सगळं गाव हसत खेळत कळश्या घेऊन खाली गेलं. रहीमभाई तर जाताना लुनाचा हॉर्न वाजवत गेले. मी आणि बप्पा मागं राहिलो. त्यांनी दाढी केली होती.

पाच वाजता फोन वाजला. बप्पा खडकावर चढले.

"पाणी किती हाय?"

पट्टी बप्पांच्या हातातच होती. पाचाच्या खुणेपर्यंत ओली. त्यांनी पट्टीकडं पाहिलं, मग खाली माझ्याकडं पाहिलं.

"साडेतीन," ते म्हणाले.

"परत गाळ आला का काय?"

"आला असंल. काय सांगावं."

"बरं. मंग पाडव्याला येतो. पोरांलाबी आणतो, त्येंच्या हाताला लागू द्या काम."

"बरं," बप्पा म्हणाले.

फोन बंद झाला. बप्पांनी धोतराच्या सोग्यानं पट्टी पुसून कोरडी केली, दोनदा पुसली. मग खडकावरून हळूहळू उतरले आणि माझ्यासमोर येऊन, खाली बघत उभे राहिले.

"ह्या बारीला सोडा," ते म्हणाले, "लक्ष्मणराव."